आमच्यात तसलं कुणी नाही

वाचकांचे प्रश्न, आक्कांची उत्तरं

*प्रश्न : आक्का, नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यातल्या जांबोटी भागातले. भातशेती आणि थोडा काजू आहे. माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे. अकरा वर्षांपासून त्याला स्किझोफ्रेनिया आहे. आधी देवर्शी झाले, मग धारवाड, आता बेळगावच्या डॉक्टरांची गोळी चालू आहे. गुरं बघतो, भांगलण करतो, बोलतो कमी. मागच्या महिन्यात आरोग्य पाहणीवाली दोन पोरं टॅब घेऊन आली. सोप्यावर बसून त्यांनी ‘घरात कुणाला मनाचा आजार आहे का’ म्हणून विचारलं. आई लगेच म्हणाली, ‘आमच्यात तसलं कुणी नाही.’ भाऊ त्या वेळी गोठ्यातच होता. आईचंही चुकलं म्हणवत नाही, कारण माझ्या मुलीला चंदगडहून स्थळ आलंय. पण त्या रात्री मुलीनं मोबाईलवर वाचलं की घरात हा आजार असेल तर धोका दहा पट. तेव्हापासून ती गप्प आहे. हे दहा पट खरं का? आणि आईच्या सांगण्यानं काही बिघडलं का?*

आधी मुलीचं बोलू. म्हातारीकडं नंतर येते.

दहा पट हा आकडा खोटा नाही, पण तो तुमच्या मुलीचा नाही. शिवाय दहा पट म्हणजे कशाच्या दहा पट, ते मोबाईलनं सांगितलेलं दिसत नाही. कुणाही माणसाला आयुष्यभरात हा आजार होण्याची शक्यता धरतात शंभरात साधारण एक. आयर्व्हिंग गॉट्समन नावाच्या संशोधकानं १९२० ते १९८७ या काळात युरोपात घराण्यांचे आणि जुळ्यांचे जे अभ्यास झाले ते एकत्र करून नात्यागणिक आकडे मांडले. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांत शंभरात नऊ. आई-वडिलांपैकी एकाला आजार असेल तर मुलांत तेरा. ते तुमचं दहा पट इथलं. पुतण्या-पुतणी एक पायरी लांब, तिथं शंभरात चार. आणि जुळी भावंडं, तीही एकसारखी, रक्तामांसानं जवळजवळ एकच, त्यांच्यातसुद्धा एकाला झाला तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण अठ्ठेचाळीस. म्हणजे निम्म्याहून जास्त जुळी सुटतात. नुसत्या रक्तावर सगळं ठरत असतं तर एकही सुटलं नसतं.

मुलीला एक करायला सांगा. घरात काजूबिया असतीलच. सुपात शंभर मोजून घ्यायच्या आणि त्यांतल्या चार बाजूला काढायच्या. मग सुपाकडं नीट बघायचं. शेजारच्या घरात, जिथं तीन पिढ्यांत कुणाला काही झालेलं नाही, त्यांच्या सुपातूनही एक बी बाजूला काढावी लागतेच. फरक आहे तो एक आणि चारचा. तो नाही असं मी म्हणणार नाही, पण रात्रभर छताकडं बघत पडावं इतका तो नाही. काउन्सेलिंगला बसणाऱ्या पोरींना मी तोंडानं आकडे सांगायचे तेव्हा त्या मान हलवायच्या आणि रडत घरी जायच्या. बिया मोजायला लावल्यापासून निदान रडं तरी थांबलं.

घरात तरुण मुलगे असतील तर त्यांच्या कानावर मात्र एक गोष्ट घाला. स्वीडनमध्ये १९६९-७० साली सैन्यात भरती झालेल्या पंचेचाळीस हजारांवर तरुणांना गांजाबद्दल विचारून ठेवलं होतं आणि पुढं पंधरा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. पन्नासपेक्षा जास्त वेळा ओढणाऱ्यांत हा आजार न ओढणाऱ्यांच्या सहा पट निघाला. आता परत सुपात बघा. सहा पट असूनही त्या ओढणाऱ्यांतल्या शंभरातल्या फार तर तिघांनाच तो झाला. जोखीम ही अशी असते. नाव निघालं म्हणून नशीब लिहिलं गेलं असं नाही. पण ज्याच्या घरात काका आजारी आहे त्यानं चोर्ला घाट उतरून गोव्याला गेल्यावर असला खेळ करू नये. त्याच्या सुपात आधीच तीन बिया जास्त आहेत.

स्थळाचं म्हणाल, तर सांगा. साखरपुड्याच्या आधी सांगा, तुम्ही स्वतः सांगा, आणि मुलीला विचारून सांगा. चंदगड काही लांब नाही. जांबोटीच्या बाजारात एकदा कुणी बोललं की चार दिवसांत तिकडं पोचतं, आणि तसं पोचलं तर ते ‘लपवलं’ होऊन पोचतं. काकाच्या आजारानं कायद्यात काही अडत नाही. हिंदू विवाह कायदा विचार करतो तो नवरा-नवरीच्या स्वतःच्या प्रकृतीचा. एवढ्यावरून पाहुणे मागं फिरले तर फिरू देत. तुमच्या भावाला गोळी चालू आहे, तो गुरं बघतो, भांगलण करतो, हेही त्याच वाक्यात सांगायचं. बहुतेक लोक आजार सांगतात आणि हे सांगायचं विसरतात.

आता आई.

मी पंचवीसेक वर्षांपूर्वी अशाच एका पाहणीत वही घेऊन गावोगाव फिरले आहे. टॅब नव्हते. पाऊस आला की वही प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवी पदराखाली. त्या फिरण्यानं मी दवाखान्यात शिकले त्याहून जास्त शिकले, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. संपादकांनी जागा कापू नये.

घरोघरी का फिरायचं, दवाखान्याची नोंदवही का पुरत नाही, असं तेव्हा मलाही वाटायचं. आपला बेळगावचा सीमाभाग बघा. निपाणीचा माणूस मिरजेला जातो, चिकोडीचा कोल्हापूरला, खानापूरचा बेळगावला नाहीतर धारवाडला, आणि ज्याला गावात कळू द्यायचं नाही तो थेट पणजी गाठतो. मिरजेच्या वहीत तो महाराष्ट्राचा रुग्ण. कर्नाटकाच्या वहीत तो नाहीच. आणि हे झाले दवाखान्याची पायरी चढणारे. बंगळूरच्या निम्हान्स या मनोविकारांच्या राष्ट्रीय संस्थेनं २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय पाहणी केली. ३४,८०२ मोठ्या माणसांना घरी जाऊन विचारलं. त्यात चालू काळात मनाचा कुठला ना कुठला आजार असलेले शंभरात १०.६ निघाले. नैराश्य, चिंता असल्या रोजच्या आजारांत शंभरातले ८५ उपचाराविना होते. तुमच्या भावासारख्या तीव्र आजारांतही चौघांतले जवळजवळ तिघे तसेच. नोंदवही मोजली तर उरलेले मोजले जाणार, आणि तेही अर्धे दुसऱ्या राज्यात.

दवाखान्यात बसून आणखी एक घोटाळा होतो. माझा झाला होता. दवाखान्यात परत परत येतो तो ज्याचं बरं होत नाही तो. वीस वर्षं तीच तोंडं बघून माझी खात्री झाली होती की स्किझोफ्रेनिया म्हणजे माणूस संपला. पाहणीत एका गावी चिठ्ठीत निघालेलं घर पिठाच्या गिरणीवाल्याचं होतं. चाळिशीचा माणूस, अंगभर पीठ. पट्ट्यावर एक हात ठेवूनच उत्तरं देत होता. प्रश्नावली निम्म्यावर आल्यावर म्हणाला, ‘बाई, हे सगळं मला झालंतं. विशीत. लोक माझ्याविषयी बोलतात असं ऐकू यायचं.’ चार वर्षं गोळी घेतली, डॉक्टरांना विचारून बंद केली, पुढं गिरण घातली. शेजाऱ्यांना पत्ता नाही. असला माणूस मला दवाखान्यात कशाला भेटला असता? तो तर बरा होता.

चिठ्ठीचं म्हटलं, तेही सांगते. अशा पाहणीत कुणालाही धरून विचारता येत नाही. गावातली घरं मोजायची, चिठ्ठीनं घर निघतं, घरातलं माणूसही ठरलेल्या रीतीनं निघतं. कट्ट्यावर बसलेला, बोलायला उत्सुक असलेला माणूस चालत नाही. ‘आमच्या म्हातारीला काय विचारता, मला विचारा की’ म्हणून लोक रागवायचे. निघालेला माणूस उसाला गेलेला असायचा, मग परत संध्याकाळी जायचं, परत रविवारी. कारण दुपारी घरी सापडणारी माणसं तेवढीच विचारली, तर आकडा म्हाताऱ्यांचा आणि बाळंतिणींचा येतो.

आणि भाषा. आमची प्रश्नावली कन्नडवरून उतरवलेली होती. त्यात एक प्रश्न होता : मनस्सिगे बेजार आगुत्तदा? कन्नडमध्ये बेजार म्हणजे मन उदास होणं, खट्टू होणं, कंटाळणं. आपल्या मराठीत कुणीतरी बेजार करतं. उतरवणाऱ्यानं शब्द तसाच ठेवला होता. जंगलपट्ट्यातल्या एका आजीला मी विचारलं, ‘मनाला बेजार वाटतं का?’ ती म्हणाली, ‘बेजार व्हय? रानडुकरांनी केलंय की. भुईमूग ठिवला न्हाई.’ मी मुकाट्यानं ‘होय’वर खूण केली. रात्री वही तपासताना डॉक्टर हसले, मग गंभीर झाले. दुसऱ्या दिवशी मी परत गेले आणि विचारलं, ‘आजी, जीव रमत नाही का?’ ती बराच वेळ काही बोलली नाही. मग पदर नाकाला लावून म्हणाली, ‘थोरला गेल्यापासनं न्हाई रमत.’ थोरला जाऊन सात वर्षं झाली होती. कुणी विचारलं नव्हतं. खूण ‘होय’वरच राहिली, पण आता ती खरी होती.

म्हणून तुमच्याकडं आलेल्या पोरांवर माझा राग आहे, आईवर नाही. सोप्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, ‘घरात कुणाला मनाचा आजार’ असं विचारल्यावर कुठली आई हो म्हणेल? एकेकाला आत बसवून विचारायचं असतं. आधी परवानगी घ्यायची असते. नाव वेगळ्या कागदावर आणि उत्तरं नंबरावर ठेवायची असतात. हे त्यांनी केलं नसेल, तर आईनं दार लावलं ते ठीकच. फक्त पुढच्या खेपेला तिला एवढं सांगा. ‘नाही’ म्हणण्यापेक्षा ‘मला सांगायचं नाही’ म्हण. तो तिचा हक्क आहे आणि तसं लिहून घ्यावंच लागतं. ‘सांगायचं नाही’ मधून पाहणीवाल्याला कळतं की इथं काही राहून गेलंय. ‘नाही’ लिहिलं की तुमचं घर निरोगी घरांत मोजलं जातं. अशी पन्नास घरं झाली की तालुक्यात रुग्णच नाहीत असं दिसतं, आणि मग तालुक्याच्या दवाखान्यात गोळी ठेवा, डॉक्टर पाठवा, हे मागायचं कशाच्या जोरावर? तुमचा भाऊ दर महिन्याला गोळीसाठी बेळगावची एसटी धरतो ना?

एक राहिलं. ‘आधी देवर्शी झाले’ हे तुम्ही जरा ओशाळून लिहिल्यासारखं वाटलं. ओशाळू नका. १९७० च्या आसपास आपल्याच कर्नाटकात, किनाऱ्यावरच्या कोटा भागात, आर. एल. कपूर आणि मॉरिस कार्स्टेअर्स यांनी गावकऱ्यांची अशीच पाहणी केली होती. कपूरांनी तिथं मंत्रवादी, अंगात येणारे पात्री, वैद्य आणि डॉक्टर, सगळ्यांकडं कोण जातं तेही बघितलं. लोक दोन्हीकडं जात होते, आणि त्यात त्यांना काही विसंगत वाटत नव्हतं. अंगारा लावा, मला वाद घालायचा नाही. गोळी चुकवू नका.

*प्रश्न : व्हॉट्सॲपवर फिरतंय की सातांत एक भारतीय मनोरुग्ण आहे आणि त्यात बेळगाव जिल्हा पुढं आहे. तुम्ही मागं एका लेखात दहांत एक लिहिलं होतं. खरं कोणतं? – एक विद्यार्थी, बेळगाव*

दोन्ही. बेळगावचं सोडून.

दहांत एक हे वर सांगितलेल्या घरोघरच्या पाहणीतलं : अठरा वर्षांवरची माणसं, समोर बसवून विचारलेली, तंबाखूचं व्यसन वगळून. सातांत एक हा २०१७ सालचा अंदाज आहे. जगभरच्या आजारांचा भार मोजणाऱ्या प्रकल्पातून तो आला. देशातल्या निरनिराळ्या पाहण्या एकत्र करून, गणितानं काढलेला. १९.७ कोटी माणसं. त्यात लहान मुलं धरलेली आहेत आणि जन्मापासूनचं मतिमंदत्वही धरलेलं आहे. शेर वेगळा, मापटं वेगळं. ‘मनोरुग्ण’ हा शब्दही फसवा आहे. त्या सातातल्या एकात परीक्षेच्या धास्तीनं झोप उडालेला तुमचा रूममेटही बसू शकतो.

बेळगावचं म्हणाल तर २०१५-१६ च्या त्या बारा राज्यांत कर्नाटक नव्हतंच. महाराष्ट्रही नव्हता. आपल्या राज्यात झाली ती फक्त कोलार जिल्ह्यातली आधीची चाचणी. म्हणजे सीमेच्या अलीकडचे आणि पलीकडचे, दोघेही त्या वहीत नाही आहोत. एका गोष्टीत तरी एकमत झालं म्हणायचं. तुमचा मेसेज ज्यानं पाठवला त्याला विचारा, बेळगावात कुणी मोजलं? उत्तर आलं तर मला कळवा.

*प्रश्न : आक्का, मी निपाणीची. तीस वर्षं विड्या वळल्या, आता डोळ्यांनी होत नाही. सुनेला दोन महिन्यांपूर्वी दुसरी मुलगी झाली. तेव्हापासून ती रडते, झोपत नाही, बाळाला घेते पण तिचं लक्ष नसतं. गल्लीतल्या बायका म्हणतात बाळंतवारा आहे, जाईल. मुलगा म्हणतो नाटकं आहेत. पेपरात आलं होतं की बायकांत नैराश्य पुरुषांच्या दुप्पट असतं. बायकांचा स्वभावच असा असतो का?*

सासूनं सुनेसाठी लिहिलेलं पत्र मला वर्षात एखादं येतं, त्यामुळं आज बरं वाटलं.

दुप्पट हा आकडा बऱ्याच देशांत सापडतो. पण तो नैराश्याच्या रकान्यातला आहे. शेजारचा दारूचा रकाना बघा, तिथं बहुतेक सगळे पुरुषच दिसतील. दुःख दोघांनाही होतं, फक्त बाईनं रडायचं आणि बाप्यानं गुत्ता गाठायचा अशी वाटणी आपण करून ठेवली आहे.

स्वभावाचं उत्तर तुमच्या शेजारच्याच राज्यात मिळतं. गोव्यात म्हापशाच्या दवाखान्यात बाळंत झालेल्या बायकांचा अभ्यास विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो २००२ साली छापून आला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी शंभरातल्या तेवीस जणींना नैराश्य होतं. तुमची सून आज नेमकी त्या आठवड्यांत आहे. त्या तेवीस जणींतल्या बहुतेकींचं मन पोटात बाळ असतानाच बिघडलेलं होतं, आणि निम्म्याहून जास्त सहा महिन्यांनीही तशाच होत्या. म्हणजे ‘जाईल’ म्हणून बसून राहिलं तर ते जातंच असं नाही. धोका कुणाला जास्त होता? जिथं खायची भ्रांत, जिथं नवऱ्याशी पटत नाही किंवा तो हात उचलतो, आणि जिथं मुलगी झाली तिथं. यात स्वभाव कुठं आला? मुलगी होण्यात बाईच्या मनाला मारणारं असं काय असतं? घरातली माणसं त्या दिवशी काय बोलली ते.

लंडनच्या कॅम्बरवेल भागात जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी बायकांच्या नैराश्याचा अभ्यास केला होता, १९७८ साली तो आला. संकट आल्यावर कोण खचतं? जिला मनातलं बोलायला जिवाभावाचं कुणी नाही ती जास्त. घरात तीन किंवा जास्त लहान पोरं, बाहेर काम नाही, आणि स्वतःची आई लहानपणीच गेलेली, हेही होतं. तुमच्या सुनेची आई आहे का, पत्रात लिहिलं नाही. असेल तर तिला आठ दिवस बोलावून घ्या. मानपान नंतर बघू.

पण हे सगळं डॉक्टरकडं नेण्याऐवजी नव्हे. या आठवड्यात तिला दाखवा, बाळंतपण जिथं झालं तिथूनच सुरुवात करा. अंगावर पाजते हे आधी सांगा, त्याप्रमाणं औषध देता येतं. फोनवर बोलायचं असेल तर सरकारचं टेलिमानस आहे, १४४१६, पैसे पडत नाहीत. आणि ती ‘मी नसलेलीच बरी’ असं काही म्हणाली, बाळाला काही होईल असं तिच्या मनात येतंय असं वाटलं, किंवा ती भलतंच बरळायला लागली, तर त्याच दिवशी न्या. रात्र काढू नका, तिला एकटी ठेवू नका.

रात्रीचं बाळाचं रडं मुलाला सांभाळू दे. पाजायला तिला उठवायचं, मग बाळ त्याच्याकडं. सलग चार तास तरी तिला झोप मिळायला पाहिजे. तो नाटकं म्हणतो ना, त्याला तीन रात्री हे करू दे, मग विचारा.

आणखी एक. तुमच्या पत्रात थोरल्या नातीचं नाव आहे, मांजराचंसुद्धा आहे. दोन महिने झालेल्या पोरीला सगळीकडं ‘दुसरी मुलगी’ म्हटलंय. तिचं बारसं केलंत का हो?